जैवमाहितीचा कोयता

तेलगावात सुंदरराव सोळंके कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली, की हॉटेलात बसून गावगप्पा ऐकण्यापलीकडं इलाज नसतो. सध्या विषय एकच: गावचं एक पोरगं जैवमाहितीशास्त्रात पीएच.डी. करतंय. जीवशास्त्रवाले त्याला संगणकवाला म्हणतात, संगणकवाले जीवशास्त्रवाला. संशोधन उसावर, पण फडात पाय नाही.

एका जुन्या मुकादमानं हे कोडं चहा निवायच्या आत सोडवलं. गाईड म्हणजे मुकादम, पीएच.डी.चं पोरगं म्हणजे कोयता. प्राध्यापकाला एका वेळी 8 कोयते ठेवता येतात, सहयोगीला 6, सहायकाला 4. हंगाम किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. फेलोशिप म्हणजे उचल. फरक इतकाच, की आपल्याकडं आधी उचल आणि मग तोड. इथं अर्धा फड तुटला तरी उचल 'प्रक्रियेत'च. हे लोक पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल डिसेंबर 2023 मध्ये विधिमंडळातच झाला होता. आमच्याकडं दिवा लावायला आधी लाईट असावी लागते, हा मुद्दा चर्चेत राहून गेला.

पोरगंही तिथंच बसलं होतं. त्यानं सांगितलं, 2024 साली 'नेचर'मध्ये आर 570 या उसाच्या वाणाचा जीनोम छापून आला. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं 46, उसात शंभराच्या वर.

"म्हंजी ऊस माणसापेक्षा किचकट," मुकादम म्हणाले. "मंग साखरेचं राजकारण आपल्याला काय कळणार!"

पोराचं रोजचं काम साम्य हुडकायचं. जनुकाची एक ओळ 'ब्लास्ट' नावाच्या 1990 सालच्या प्रोग्रॅमला द्यायची. तो जगभरच्या साठ्यातून तिच्यासारख्या ओळी काढून देतो. साम्य दिसलं की सर खूश. अशी काही वर्षं काढल्यावर प्रबंध दुसऱ्या सॉफ्टवेअरपुढं जातो. तिथं साम्य दिसलं की तेच पोरगं चोर! यूजीसीच्या 2018 च्या नियमानं 10 टक्क्यांपर्यंत माफी आहे, एवढीच दया.

"काटा कुणाचा?" मुकादमांनी विचारलं.

"कंपनीचा."

"आधी खासगी काट्यावर भरून बघितलं नाही व्हय?"

"बघितलं की, झेरॉक्सवाल्याकडं. तिथं 9 भरलं. विद्यापीठात 14."

मुकादमांनी कप खाली ठेवला. "च्यायला, जास्तीचं वजन दाखवणारा काटा आज पहिल्यांदाच ऐकला!"