वीस गोलांची पुण्याई

इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून 92 क्लब आहेत, आणि आपला नऊ नंबर, म्हणजे गोल करायला पुढे ठेवलेला खेळाडू, त्यांतल्या निदान अकरा ठिकाणी ‘मला इथं पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं’ असं सांगून आलेला असतो. नाव कोणतंही घ्या. प्लिमथपासून कार्लाइलपर्यंत दर गावात असा एक सापडतो. उंची सहा फूट दोन इंच, नाक दोनदा मोडून तिसऱ्यांदा अंदाजाने बसवलेलं, भुवईवर टाक्यांची खूण, उजव्या गुडघ्याला पट्टी आणि डाव्या गुडघ्याबद्दल न बोललेलंच बरं. प्रतिस्पर्ध्यांच्या नाकी नऊ आणण्यासाठी त्याला घेतलेलं असतं. ते काम तो बहुधा स्वतःच्या मॅनेजरच्या बाबतीत पार पाडतो.

या गृहस्थाच्या आयुष्यात एक हंगाम होऊन गेलेला असतो. वय तेवीस-चोवीस, श्रेणी लीग टू. (लीग टू म्हणजे वरून चौथी. 2004 साली तिथल्या मंडळींनी दुसऱ्या श्रेणीला ‘चॅम्पियनशिप’, तिसरीला ‘लीग वन’ आणि चौथीला ‘लीग टू’ म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून चौथ्या श्रेणीतल्या खेळाडूला सासुरवाडीत जरा ताठ बसता येतं.) त्या एका वर्षी त्याने वीस गोल केले. सहा पेनल्टीवर, दोन समोरच्या बचावपटूच्या ढोपरावरून, एक असा की चेंडू आपल्याला लागल्याचं त्याला मित्रांनी मिठ्या मारल्यावर कळलं. पण गोल तो गोल. तक्त्यात ‘कसा’ असा रकाना नसतो. त्या वीस गोलांच्या पुण्याईवर तो पुढची बारा वर्षं जेवतो.

ही पुण्याई विकण्याचा मुहूर्त वर्षातून दोनदा येतो. एक उन्हाळ्यात, दुसरा जानेवारीअखेर. खरेदीची मुदत संपायला चार तास उरले की एजंट फोन हातात घेतो, आणि मग स्थळ सांगून आल्यासारखं सगळं सुरू होतं. मुलगा गुणी आहे. हवेत चांगला आहे. ड्रेसिंग रूममध्ये वातावरण छान ठेवतो. मध्यंतरी मांडीच्या स्नायूचं जरा झालं होतं, पण आता अगदी ठणठणीत. आधीच्या घरी का जमलं नाही? तिथल्या मॅनेजरची पद्धत वेगळी हो, क्रॉसच येत नव्हते. मुलाकडची मंडळी वीस गोलांचा हंगाम काढून दाखवतात, मुलीकडची मंडळी तो कोणत्या सालचा हे विचारायचं सौजन्याने टाळतात. त्यांनाही शनिवारी कुणीतरी उभा करायचाच असतो. रात्री दहा वाजता हमरस्त्यालगतच्या पेट्रोलपंपाच्या कॉफीशॉपमध्ये सह्या होतात. कायमचं जमत नसेल तर हंगामापुरतं ‘लोनवर’ ठरतं. मग पगार निम्मा हा क्लब देतो, निम्मा तो. आपल्याला नेमकं कोण बाळगतंय हे त्यालाही पगाराची पावती पाहूनच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या क्लबचा स्कार्फ दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून फोटो. नंतर मुलाखत. ती त्याला पाठ आहे. मॅनेजरशी बोलणं झालं आणि निर्णय सोपा झाला. इथले प्रेक्षक जबरदस्त आहेत, विरुद्ध बाजूने खेळताना अनुभवलंय. (त्या प्रेक्षकांनी तेव्हा त्याच्या पोटाबद्दल आणि आईबद्दल जे विचारलं होतं त्याचा उल्लेख कुणी करत नाही.) आपण इथं नुसते आकडे भरायला आलेलो नाही. मग पहिल्या गोलनंतर छातीवरच्या बोधचिन्हाचं चुंबन.

जुन्या क्लबविरुद्ध गोल केला तर आनंद साजरा करायचा नाही, दोन्ही तळवे वर करून नम्रपणे माफी मागितल्यासारखं परत चालत जायचं, असा तिकडे रिवाज आहे. सुसंस्कृत रिवाज आहे. पण आपल्या नऊ नंबरची पंचाईत अशी की बत्तिशी गाठेपर्यंत अर्धी श्रेणी त्याची माजी सासुरवाडी झालेली असते. शनिवारी माफी, मंगळवारी माफी. मनमोकळं नाचता येईल असं मैदान शोधायला आता त्याला श्रेणी बदलावी लागते, आणि ती तो बदलतोच. खालच्या बाजूला.

कामाचं म्हणाल तर ते पाहायला एखाद्या मंगळवारी रात्री ग्रिम्सबीला जावं. ग्रिम्सबी टाउनचं मैदान ग्रिम्सबीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, अगदी पाण्याला लागून. मासेमारीचं गाव, त्यामुळे प्रेक्षक मोठ्या सामन्यांना हवा भरलेले प्लॅस्टिकचे मासे घेऊन येतात. समुद्रावरून येणारा वारा गोलकीपरने मारलेला चेंडू हवेतच उभा करतो. त्याखाली आपला नायक. पाठीला चिकटून सेंटर-हाफ, त्याचं एक कोपर बरगडीत, एक हात जर्सीच्या आत, तोंडाने नायकाच्या बायकोची चौकशी. नायकही आपल्या बुडाने त्याला मागे रेटतो आहे. चेंडू खाली येतो, दोन डोकी एकमेकांवर आपटतात, ‘ठक्’ असा आवाज वरच्या रांगेपर्यंत जातो आणि चेंडू तिसऱ्याच कुणाकडे. हे नव्वद मिनिटांत चाळीस वेळा. याला तिकडे ‘चेंडू धरून ठेवणं’ म्हणतात. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढे दहापैकी पाच असतात.

बरं, हे सगळं कशासाठी? करंडकासाठी म्हणाल तर तिसऱ्या-चौथ्या श्रेणीसाठी एक स्वतंत्र स्पर्धा आहे, तिचा अंतिम सामना चक्क वेंब्लीवर होतो. फक्त तिला दर काही वर्षांनी नवा आश्रयदाता लागतो. 1980 च्या दशकात ती व्हॅनच्या नावाने होती, मग मोटारींच्या काचांच्या, पुन्हा व्हॅनच्या, 2006 पासून दहा वर्षं रंगाच्या डब्यांच्या आणि नंतर पिझ्झाच्या. नातवंडांना काय सांगणार? आजोबांनी रंगाच्या डब्यांचा करंडक जिंकला? पैशासाठी म्हणाल, तर 1961 पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त 20 पौंड देण्याचाच लीगचा नियम होता. तो खेळाडूंच्या संघटनेच्या जिमी हिल आणि मंडळींनी संपाची धमकी देऊन मोडला, लगेच फुलहमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळाले, आणि तेव्हापासून पैसा वर वर चढत गेला. खालच्या श्रेणीत त्याची ओल लागते, पाऊस लागत नाही.

उरते आशा. आणि तिथे जेमी वार्डीने या जमातीचं अपरिमित नुकसान करून ठेवलं आहे. शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी घरी पाठवलेला हा पोरगा स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला 30 पौंडांवर खेळत होता, दिवसा कारखान्यात मोडक्या हातापायांसाठी आधारपट्ट्या बनवत होता. मारामारीच्या एका प्रकरणात त्याच्या पायाला इलेक्ट्रॉनिक टॅग होता, रात्री ठरल्या वेळी घरात हजर राहावं लागे, म्हणून दूरच्या सामन्यातून तो मध्येच बदली होऊन कुंपण ओलांडून आईबापांच्या गाडीत बसे. 2012 साली लेस्टरने त्याला दहा लाख पौंडांना घेतलं. 2015-16 मध्ये त्याने प्रीमियर लीगमध्ये सलग 11 सामन्यांत गोल केले आणि लेस्टर विजेता ठरला. त्याच्या आधी रिकी लॅम्बर्ट. ब्लॅकपूलने सोडल्यावर बीटच्या कारखान्यात कामाला होता, मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल करत करत साउदॅम्प्टनला पोचला आणि 2013 च्या ऑगस्टमध्ये, एकतिसाव्या वर्षी, इंग्लंडकडून बदली म्हणून उतरून स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच स्पर्शाला गोल करता झाला.

झालं. आता एकोणतीस वर्षांच्या प्रत्येक नऊ नंबराला वाटतं, आपला नंबर पुढचा. बायको म्हणते, माझ्या भावाच्या प्लंबिंगच्या धंद्यात जागा आहे. तो म्हणतो, वार्डीला लेस्टरने घेतलं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. बायको म्हणते, तू एकोणतीस आहेस. तो म्हणतो, लॅम्बर्ट!

माझं व्यक्तिगत मत असं की या जमातीचा खरा आदर्श वार्डी नसून अडेबायो अकिनफेन्वा असायला हवा. वजन शंभर किलोच्या आसपास, टोपणनाव ‘द बीस्ट’, आणि व्हिडिओ गेममधला जगातला सर्वांत ताकदवान फुटबॉलपटू. कारकीर्दीची सुरुवात लिथुआनियात, मग वेल्स, मग इंग्लंडातली खालची गावं. 2016 साली विम्बल्डनला लीग वनमध्ये नेणारा सामना वेंब्लीवर जिंकला, शेवटच्या क्षणांत पेनल्टी यानेच मारली, आणि टीव्हीवर त्याच श्वासात सांगून टाकलं की करार संपल्यामुळे मी तसा बेकार आहे, मॅनेजर लोकांनी व्हॉट्सॲप करावं. विकम वाँडरर्सने केलं. 2020 मध्ये विकम क्लबच्या इतिहासात प्रथमच चॅम्पियनशिपमध्ये गेला तेव्हा हा अडतीस वर्षांचा बाप्या लिव्हरपूलचा भक्त म्हणून कॅमेऱ्यासमोर म्हणाला की आता मला मेसेज करू शकेल असा एकच माणूस उरलाय, युर्गन क्लॉप. क्लॉपने खरोखर व्हिडिओ पाठवला. नोकरी मागायला न लाजणं हा गुण आपल्या मध्यमवर्गात मी अजून पाहिलेला नाही.

लाजण्यावरून आठवलं. 2002 च्या डिसेंबरात ऑक्सफर्ड युनायटेडच्या जेफरसन लुईसने एफए कपमध्ये शेजारच्या स्विंडनविरुद्ध विजयी गोल केला. पुढच्या फेरीची सोडत टीव्हीवर थेट चालू होती, कॅमेरा ऑक्सफर्डच्या खोलीतही होता. चिठ्ठी निघाली: आर्सेनल! आनंदाच्या भरात लुईस उड्या मारत कॅमेऱ्यासमोरून गेला, तेव्हा अंगावर जन्माला येतानाचाच पोशाख होता. नंतर तो तिसाहून अधिक क्लबांकडून खेळला, पण ओळख तीच राहिली. वीस गोल नसले तरी पुण्याई अशीही जमते.

आपला माणूसही या दुनियेत जाऊन आला आहे. 1999 च्या शरदात भाईचुंग भुतिया मँचेस्टरजवळच्या बेरी क्लबमध्ये दाखल झाला. ईस्ट बंगालकडून खेळताना साल्ट लेकच्या लाखाच्या गर्दीपुढे हॅटट्रिक करणारा हा गडी तिथं तिसऱ्या श्रेणीत, काही हजार माणसांसमोर, गुडघ्याच्या दुखण्याशी झगडत खेळला. गोल मोजकेच झाले. त्याच्या काळातच क्लब आर्थिक गोत्यात आला, आणि 2019 मध्ये तर सव्वाशे वर्षं लीगमध्ये असलेल्या बेरीला पैशांच्या घोळापायी लीगमधूनच काढून टाकलं. पुण्याचा संबंध याहून घट्ट आहे. कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजने 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. खेळाडू मजेत चिकन खाताहेत अशी जाहिरातही झाली. 2012 मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला त्या संध्याकाळी प्रेक्षकांनी क्लबच्या रंगाचं कापड गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. 2017 मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरून लीग वनमध्ये गेला, आणि वर्षाने परत वर आणणाऱ्यांत डॅनी ग्रॅहम होता: 2010-11 मध्ये वॉटफर्डकडून 24 गोल, त्या जोरावर स्वान्सी, त्या जोरावर सन्डरलंड, तिथे गोलांचा दुष्काळ, मग उसनवारीवर हल, मिडल्सब्रा, वुल्व्ज. म्हणजे आपल्या नायकाची पुण्याई एकदा पुण्यानेही सांभाळली आहे.

चौतिसाव्या वर्षी एका जूनमध्ये करार संपतो आणि फोन येत नाही. मग जुलैत सरावाचे सामने. तिथे ज्याला घ्यायचं की नाही हे ठरलेलं नसतं, त्याचं नाव खेळाडूंच्या यादीत छापत नाहीत. दुसऱ्या क्लबला सुगावा लागू नये म्हणून नुसतं ‘ट्रायलिस्ट ए’ लिहितात. सतरा वर्षं त्याच मैदानांवर डोकं आपटलेला माणूस ‘ट्रायलिस्ट ए’ म्हणून उतरतो. स्टँडमधले म्हातारे त्याला चालीवरून ओळखतात आणि त्याच्या नावाने हाका मारतात. तो त्यांना हात करतो. मग पाहुण्यांचा एकोणीस वर्षांचा सेंटर-हाफ त्याला विचारतो, तुम्ही कोचिंग स्टाफमधले का?

त्यानंतर नॅशनल लीग, त्याच्या खालची उत्तर किंवा दक्षिण विभागाची श्रेणी, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सराव, दिवसा मेव्हण्याच्या व्हॅनमध्ये पाइप आणि नळ. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला उतरायचं, एक फ्री किक मिळवायची, रेफ्रीला त्याच्या पहिल्या नावाने हाक मारायची. स्टीव्ह क्लॅरिजला 2006 साली बोर्नमथने मुद्दाम बोलावून हजारावा सामना खेळू दिला होता. त्याच्या दहा वर्षं आधी त्याच क्लॅरिजने वेंब्लीवर जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला नडगीवरून गोल करून लेस्टरला प्रीमियर लीगमध्ये नेलं होतं. आपल्या नायकाला हा किस्सा प्रिय आहे. विशेषतः नडगी.

आणि मग एक दिवस गावच्या रेडिओवर त्याला सामन्याचं समालोचन मिळतं. शनिवारी दुपारी तीनला तो कोट घालून, चहाचा कागदी पेला घेऊन पत्रकारांच्या बाकावर बसतो. खाली कुणी विशीतला पोरगा सहा यार्डांवरून चेंडू गोलच्या वरून मारतो. नायक माइकपाशी जातो आणि उसासा टाकून म्हणतो, ‘आमच्या वेळी हा मी डोळे मिटून घातला असता.’ शेजारच्या निवेदकापुढे त्याच्या हंगामवार गोलांचा कागद उघडाच असतो. तो कागद उलटा ठेवतो आणि श्रोत्यांना गुणतक्ता वाचून दाखवायला लागतो.