स्थळ बघणारे मेंढेकाका

"माणसं शब्दाला पक्की आहेत ना? घोडे धडधाकट आहेत? जेवणाखाण्याचं कसं? आणि ठरल्यावर मागाहून आणखी काही मागितलं नाही ना?"

रविवारी सकाळी सात वाजता कुंपणापलीकडून हे सगळं इंग्रजीत ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं, शेजारचे काका मुलीसाठी स्थळ बघताहेत. घोडे जरा खटकले. पण म्हटलं, वरातीचे असतील. मागाहून कळलं, की काकांना मुलगीच नाही. फोन विस्कॉन्सिनमधल्या कुणा अनोळखी गृहस्थांना होता आणि चौकशी चालली होती युकॉनमधल्या एका आउटफिटरची. आउटफिटर म्हणजे रानमेंढ्याच्या शिकारीला निघणाऱ्यासाठी वाटाड्या, घोडे, तंबू, शिधा सगळं जमवून देणारा असामी. विस्कॉन्सिनवाले त्याच्याबरोबर जाऊन आले होते.

डेन्व्हरच्या या उपनगरात आम्ही आलो त्याला अकरा वर्षं झाली. काका तेव्हाही स्थळच बघत होते. 'मेंढेकाका' हे नाव आमच्या मुलीनं ठेवलं. अर्थ सांगितल्यावर काकांनी ते पद्मश्री मिळाल्यासारखं स्वीकारलं.

उत्तर अमेरिकेत शिकाऱ्यांच्या हिशेबी रानमेंढे चार. अलास्का-युकॉनचा पांढराशुभ्र डाल, उत्तर ब्रिटिश कोलंबियाचा काळसर स्टोन, रॉकी पर्वतातला बिगहॉर्न आणि वाळवंटी बिगहॉर्न. चारही मिळवले की 'ग्रँड स्लॅम' झाला. आपल्या चारधामासारखंच, फक्त चारधामाला जाताना राहतं घर गहाण टाकावं लागत नाही. वाटाड्यासकट डालची मोहीम आजकाल 25-30 हजार डॉलरच्या खाली क्वचितच मिळते, स्टोन त्याच्या दुपटीच्या घरात, आणि मेक्सिकोतल्या वाळवंटी मेंढ्याचा आकडा काका बायको खोलीत असताना उच्चारत नाहीत.

घरचा मेंढा का नाही, असं मी एकदा विचारलं. बिगहॉर्न 1961 पासून कोलोरॅडोचा राज्यप्राणी आहे. पण त्याचा परवाना सोडतीनं मिळतो. पहिली तीन वर्षं नुसते गुण साठवायचे, त्यानंतर कुठे अर्ज खऱ्या सोडतीत शिरतो. दर एप्रिलला काका अर्ज करतात आणि म्हाडाच्या यादीत नाव न लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं उन्हाळाभर हिरवळ कापतात.

मग अलास्का. तिथे परराज्यातल्या माणसाला मेंढ्याच्या शिकारीला एकट्यानं जाता येत नाही. परवानाधारक वाटाड्या हवा, नाहीतर तिथे राहणारा जवळचा नातेवाईक. काकांनी वंशवृक्ष पाच पिढ्या खणला. फेअरबँक्सला एक चुलत-चुलत भाऊ निघाला, पण नातं कायद्यात बसण्यापेक्षा लांबचं होतं आणि भाऊ शाकाहारी होता. शिवाय तिथल्या सरकारी जमिनीवर एकाच दरीत दोन-तीन वाटाडे आपापले पाहुणे घेऊन हजर, असंही होऊ शकतं. एका मुलीला एकाच दिवशी तिघं बघायला आल्यासारखं ते काकांना वाटतं. कॅनडातल्या युकॉन, ब्रिटिश कोलंबियात प्रत्येक आउटफिटरचा मुलूख बांधून दिलेला, दुसरा तिथे फिरकत नाही. हे काकांना पसंत आहे. "पण मग त्याला मिजास येते," ते लगेच म्हणतात.

त्यांच्याकडे एक तक्ता आहे. मी आयटीत काम करतो, पण एवढा गुंतागुंतीचा तक्ता आमच्या कंपनीनं केलेला नाही. मारलेल्या मेंढ्यांचं सरासरी वय, एका वाटाड्यामागे शिकारी किती, पाठीवर ओझं घेऊन चढायचं की घोड्यावरून जायचं, छोट्या विमानाचं भाडं वेगळं की धरून, पाऊस-धुक्यात वाया गेलेले दिवस किती, निम्मे पैसे आधी भरून मोहीम बुडाली तर परत मिळतात का. प्रत्येक स्थळात काहीतरी निघतंच. यशाचं प्रमाण साठ टक्के सांगणारा नालायक ठरतो. शंभर टक्के सांगणारा काहीतरी लपवत असतो. एकाला नाकारलं, कारण त्याच्या फोटोतले सगळे मेंढे हसरे होते, म्हणजे शिकारी. मेंढ्यांबद्दल तक्रार नव्हती. "इतके हसतात म्हणजे चढ सोपा असणार," काका म्हणाले. ताजिकिस्तानातल्या पामीरचा मार्को पोलो मेंढाही तक्त्यात होता. त्याची शिंगं जगात सर्वांत लांब, पण तो राहतो चार हजार मीटरच्या वर. काकांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ते स्थळ परस्पर मोडलं.

जानेवारीत काका नेवाडातल्या रीनोला जातात. वाइल्ड शीप फाउंडेशनचा मेळावा भरतो. वर्णनावरून मला तो थेट वधूवर मेळावाच वाटला: आउटफिटर अल्बम उघडून बसलेले, इच्छुक मंडळी चष्मा पुसत पानं उलटताहेत. तिथे परवान्यांचे लिलावही होतात. 2013 साली माँटानाचा एक परवाना 4 लाख 80 हजार डॉलरला गेला, आणि असा पैसा मेंढ्यांच्याच संवर्धनाला जातो, हे काका कुळाचार सांगावा तसं सांगतात. पण त्यांची खरी जागा तिथल्या 'लेस दॅन वन क्लब'मध्ये. ज्यांना आयुष्यात एकही मेंढा मिळालेला नाही त्यांचा हा क्लब. बिअर असते, सोडत असते, भाग्यवंताला फुकट मोहीम मिळते. मेंढा मिळाला की सभासदत्व गेलं. काका तिथले बुजुर्ग आहेत. मला आपला उगाच एक संशय आहे, पण तो मी बोलून दाखवत नाही.

शिकारीबद्दल माझं मत ते विचारत नाहीत, मीही सांगत नाही. सांगायचं तरी काय? शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथे शेळी डोंगरावर खुशाल आहे आणि खाणारा अकरा वर्षं नुसता 'वातड निघेल का हो?' म्हणून फोन करतोय.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई आली. आई माणदेशची, मेंढरांच्या कळपातून वाट काढत शाळेत गेलेली. पहिल्याच सकाळी तिनं खिडकीतून काकांना पाहिलं. पाठीवर पंचवीस किलोची सॅक, आत मिठाच्या पिशव्या, आणि कॉलनीच्या चढावर चौथी फेरी.

"अरे, त्यांची गिरणी बंद आहे का? दळण घेऊन कधीचे फिरताहेत!"

मी सगळं सांगितलं. किंमतही सांगितली. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आटपाडीकडच्या त्या माडग्याळी मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली होती, मालकानं दिला नाही. पण घेणाऱ्याचा मेंढा निदान स्वतःच्या पायांनी घरी आला असता."

मी भाषांतर केलं. काकांनी वही काढून माडग्याळची माहिती लिहून घेतली. शिंगं नसतात म्हटल्यावर खोडली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं वॉटर्टन कॅनियनला फिरायला गेलो. डेन्व्हरच्या नैऋत्येला साउथ प्लॅट नदीकाठची ही वाट. इथले बिगहॉर्न इतके निवांत, की त्यांना त्रास नको म्हणून कुत्र्यांना बंदी आहे. दुसऱ्या मैलावर एक मेंढा रस्त्याच्या मधोमध उभा होता. भरदार, तपकिरी, शिंगांची वळी गालापर्यंत उतरलेली. आई थांबली. "देखणा आहे रे," ती हळूच म्हणाली.

काकांनी दुर्बीण लावली. मेंढा पन्नास पावलांवर होता, तरी लावली. शिंगावरच्या वर्षावर्षाच्या कड्या मोजल्या, डाव्या बाजूनं, मग रस्ता ओलांडून उजव्या बाजूनं. खाली बसून मोजल्या. इथे शिकार करायची नव्हतीच, बंदूक सहा कुलपांआड घरी होती. पंधरा मिनिटं गेली. आईनं धपाटा काढून खाल्ला.

"साडेसहा वर्षांचा," काका उठत म्हणाले. "उजवं टोक थोडं झिजलंय. बुंधा चांगला आहे, पण..."

"काय म्हणतात?" आईनं विचारलं.

"पसंत नाही."

तेवढ्यात मेंढ्यानं मान वळवली. काकांच्या टोपीपासून बुटांपर्यंत एकदा नजर टाकली, पाठीवरच्या मिठाच्या सॅकपाशी थोडी रेंगाळली. मग घरी विचारून कळवतो म्हणणाऱ्या वरपित्यासारखा तो सावकाश वळला आणि कडा चढून गेला.