तात्या आणि बुजगावणं

१९९३ साली महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता एका बाहुल्यात शिरला आणि नांदेड-लातूरकडची लेकरं रात्री अंगणात एकटी जाईनाशी झाली. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. दोघंही कमालीचे सभ्य गृहस्थ!

जपानचे यंत्रमानव-संशोधक मासाहिरो मोरी १९७० मध्येच सांगून गेले, की वस्तू माणसासारखी दिसू लागली की आवडते, पण जवळजवळ माणूसच वाटू लागली की अंगावर काटा येतो. मोरींनी लातूरची गंजगोलाई बाजारपेठ पाहिली नसावी. कापड दुकानाबाहेर मुंडकं नसलेला पुतळा उभा असतो आणि आमच्या मावश्या त्याच्या अंगावरच्या कुर्त्याचा भाव बिनदिक्कत पाडून मागतात. नव्या स्लॅबला टांगलेली काळी बाहुली तर बिनपगारी राखणदार. बुजगावणं हा शिवारातला सर्वांत जुना भयपट. पण रानडुकरांनी तो इतक्यांदा पाहिलाय, की ती त्याच्याच पायाशी सोयाबीन फस्त करतात. शेवटी शेतकरी बायकोच्या जुन्या साड्यांचं कुंपण घालतो.

मग तात्यालाच का भ्यायचं? कारण बोलविता धनी हात काढून घेतो, तरी हा बोलतच राहतो. बाकी बाहुल्याच्या पाठीत कुणाचा तरी हात आहे हे नीट दिसत असलं, की आपण निवांत टाळ्या वाजवतो. निवडणुकीच्या सभेत नाही का वाजवत?