मागचं इंजिन

पथ्यकर हे त्यांचं आडनाव नव्हे. पण खरं आडनाव आता इगतपुरीत फक्त पोस्टमनला ठाऊक आहे. तसा प्रत्येक गावाला एक पथ्यकर असतोच. पहाटे साडेपाचला रस्त्यावर भेटतो. पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला माकडटोपी, हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी आहे असं तो सांगतो, पण ती आडवी धरून तो माणसं थांबवतो. त्याला चुकून ‘काय, कसं काय?’ असं विचारलंत, तर तो उत्तर देतो. हा प्रश्न उत्तर ऐकण्यासाठी नसतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आधी झोप, मग भूक, मग पोट, या क्रमाने तो सगळा हिशोब देतो आणि शेवटी तुमचा मागतो.

आमचे पथ्यकर रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांची उमेदीची वर्षं बँकरवर गेली. आमच्याकडे बँकर म्हणजे बँकेतला साहेब नव्हे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट 1865 मध्ये गाड्यांना खुला झाला. त्याचा चढ सदतीस फुटांना एक फूट. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला आणखी इंजिनं लावतात, त्यांनाच बँकर म्हणतात. ती मागून रेटत गाडी घाटावर आणतात, इगतपुरीला सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली जातात. निवृत्तीनंतर पथ्यकरांनी हेच काम माणसांवर सुरू केलं. फरक एवढाच, की बँकर इगतपुरीला सुटतो. पथ्यकर सुटत नाहीत.

याची सुरुवात धम्मगिरीवर झाली. सत्यनारायण गोयंकांचं हे विपश्यना केंद्र 1976 पासून आमच्या गावात आहे आणि जगभरातली माणसं दहा दिवस न बोलता बसायला इथे येतात. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी नव्या साधकांना चहा-फळं आणि जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. निवृत्तीच्या वर्षी पथ्यकर तिथे जाऊन बसले. त्या दहा दिवसांचा उल्लेख त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, अजून ‘मी सुट्टीवर होते तेव्हा’ असा करतात. नियमाप्रमाणे दहाव्या दिवशी पथ्यकरांचं मौन सुटलं, ते अद्याप सुटलेलंच आहे. न बोलण्याने आपल्याला काय मिळालं हे सांगायला त्यांना पहिल्या खेपेला जवळजवळ शिबिराइतकाच वेळ लागला.

मग ते जेवणाकडे वळले. इगतपुरी तालुका भाताचा. आवणीपासून झोडणीपर्यंत इथलं वर्ष भातावर चालतं आणि घोटीच्या गिरण्या त्यावरच जगतात. पण पथ्यकरांचा राग नेमका भातावर. ‘शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम किती? दहा मिलिग्रॅमच्या आसपास. आणि नागलीत? साडेतीनशे!’ हा आकडा ते लग्नाच्या पंगतीत, वाढपी मसालेभात घेऊन समोर उभा असताना सांगतात. इतर ठिकाणी जिला नाचणी म्हणतात ती आमची नागली. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत ती पिकते, आणि ज्याला भातखाचर नाही त्याचं पोट तिच्यावर चालायचं. पथ्यकरांच्या लहानपणी त्यांच्याही घरी तीच होती, पोळी फक्त सणाला. ‘काळी भाकर नको म्हणून हा भोकाड पसरायचा आणि मी पाठीत धपाटा घालायचे,’ असं त्यांच्या आईने सुनेला सांगून ठेवलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, आपल्या सरकारने त्या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हटलं, आणि पथ्यकरांना धपाट्याचा अर्थ उमगला. तेव्हापासून नागलीची अंबील, नागलीचे पापड, नागलीचे लाडू असं सगळं ते घरोघर पोचवतात. करतात अर्थातच काकू. पोचवतात ते.

बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या, वाडीवरून आलेल्या एका मावशीलाही त्यांनी एकदा नागलीचे गुण समजावून सांगितले. ती नागली तिनेच पिकवलेली, तिनेच झोडलेली, तिनेच डोक्यावरून आणलेली. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मंग बाबा, किती किलो देऊ?’

याच मावशीकडे पावसाच्या पहिल्या सरींबरोबर शेवळं येतात. जमिनीतून वर आलेले कोंब, भाजी फार चवीची, पण अंगात खाज. कोंबात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून शेवळांबरोबर काकडं नावाची आंबट फळं नाहीतर चिंच घालायची पद्धत आहे. मावशीने सांगितलं, ‘काकडं घ्या संगं. नाय घातली तर नरडं धरंल.’ पथ्यकर म्हणाले, ‘आंबटाने मूळ गुणधर्म मरतो.’ कॅल्शियम म्हटल्यावर त्यांना सुईचंही भय वाटलं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे मुंबईचं एक कुटुंब खास निसर्गाचं जेवण जेवायला आलं होतं. पहिल्या घासानंतर पाच मिनिटांत इगतपुरीने पथ्यकरांना आयुष्यात दुसऱ्यांदा गप्प बसलेलं पाहिलं. पाहुणेही गप्प. काकू तेवढ्या बोलत होत्या, कारण त्यांनी आपल्यापुरतं हुलग्याचं पिठलं केलं होतं. संध्याकाळी घसा मोकळा झाल्यावर पथ्यकरांनी निष्कर्ष काढला, की शेवळांनी घसा साफ होतो.

पुढची पायरी हस्तकलेची. हाताला काम असलं की मन स्थिर राहतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या जुन्या साड्या मागितल्या. त्यांना गोधडी शिवायची होती. ओसरीत चटई टाकून, पाठ ताठ ठेवून, एकेका टाक्याला श्वास आत, श्वास बाहेर असा कार्यक्रम सुरू झाला. शेजारपाजारचे बघायला आले. पथ्यकर त्यांना म्हणाले, ‘ही नुसती शिवण नाही, साधना आहे.’ काकू आतून म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं मी शिवत होते तेव्हा ते घरकाम होतं. ह्यांनी दोरा ओवला, लगेच साधना झाली. तोसुद्धा मीच ओवून दिलाय.’ गोधडीची एक कड झाली, मग पथ्यकर बांबूच्या टोपलीकडे वळले. टोपलीचं बूड झालं, ते त्यांनी भिंतीवर लावलं. गोधडी काकूंनी पुरी केली. आज ती पाहुण्यांना दाखवताना पथ्यकर ‘आम्ही शिवली’ म्हणतात आणि काकू ‘आम्ही’ या शब्दापुरत्या वर बघतात.

व्यायामाच्या बाबतीत त्यांचा आदर्श मोठा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्येही सुरू केले. पथ्यकरांची तळमळ तेवढीच आहे, त्यांना फक्त संस्थान नाही. ती कसर ते 21 जूनला भरून काढतात. आंतरराष्ट्रीय योग दिन 2015 पासून सुरू झाला. ही तारीख ठरवताना इगतपुरीचा विचार झालेला नव्हता. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जूनच्या अखेरीस समोरचा माणूस धुक्यातून आधी आवाजाने ओळखावा लागतो. तरी पथ्यकर मैदानावर उभे राहतात. भुजंगासन चिखलात केल्याने पोटाला मातीचा लेपही आपोआप मिळतो, असं त्यांचं म्हणणं. हजर असलेल्यांत शाळेची मुलं असतात, कारण त्यांना चिखल आवडतो.

मोठ्या माणसांसाठी त्यांच्याकडे आवणी आहे. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबईची माणसं आणखी लवकर इगतपुरीला पोचू लागली. म्हणजे पथ्यकरांच्या हाती आणखी लवकर सापडू लागली. ‘जिममध्ये पैसे भरून वाकता, इथे फुकट वाका,’ असं म्हणून ते त्यांना ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाचरात उतरवतात. कमरेला, पोटऱ्यांना, बोटांना एकाच वेळी व्यायाम. पाहुणे अर्धा तास रोपं लावतात, फोटो काढतात आणि बांधावर बसून कंबर दाबतात. ते गेल्यावर शेतातल्या बायका त्या ओळी उपटून पुन्हा लावतात. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘चालतंय. माणसं हसून जातात. बायांचा तेवढा डबल व्यायाम होतो.’

आता वड्याबद्दल बोलायला हवं. घाट चढून आलेली गाडी इगतपुरीला थांबते आणि बटाटावडा घेऊन पुढे जाते. कितीतरी लोकांना आमचं गाव या वड्यामुळेच माहीत आहे. धो-धो पावसात पथ्यकर फलाटावरच फेऱ्या मारतात. छप्पर आहे आणि लांबी भरपूर. प्रत्येक फेरीत कढई लागते. ‘तेल कितव्यांदा तापवलंस? त्यातले ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की तेल टाकून द्यायचं, 2018 पासून नियम आहे,’ असं ते वडेवाल्याला बजावतात. वडेवाला म्हणतो, ‘काका, इथे तेल जुनं व्हायला वेळ कुठाय? गाडी आली की कढई रिकामी.’ मग पथ्यकर तपासणी म्हणून एक वडा घेतात आणि अभिप्राय पक्का करण्यासाठी दुसरा. मी एकदा त्यांना रंगेहाथ पकडलं. मिरचीचा देठ खिशात टाकत ते शांतपणे म्हणाले, ‘प्रवासात पथ्य नसतं. शास्त्रच आहे.’ मी म्हटलं, ‘पण तुम्ही कुठे निघालाय?’ ते म्हणाले, ‘फलाटावर उभा असलेला माणूस प्रवासीच धरायचा.’ रेल्वेत हयात घालवलेल्या माणसाशी याबाबत वाद घालता येत नाही.

या सगळ्याचा गावावर झालेला परिणाम विलक्षण आहे. आमच्या आळीत उघड्यावर कुणी शिंकत नाही. खोकला आला तर माणूस दार लावून, रेडिओ मोठा करून खोकतो. पित्त झालेली माणसं हसतमुख फिरतात. कारण पथ्यकरांना नुसता वास लागला, तरी संध्याकाळी ते काढ्याचा तांब्या घेऊन हजर. तुळस, गवती चहा, सुंठ, मिरी, आणि तुमच्या आजाराप्रमाणे न बदलणारं आणखी बरंच काही. तांब्या रिकामा होईपर्यंत ते समोर बसतात. आमच्याकडे साथीचे आजार आता लपूनछपून येतात आणि कंटाळून निघून जातात.

मध्यंतरी डॉक्टरांनी पथ्यकरांची सगळी तपासणी केली. रक्तदाब उत्तम, साखर नेमकी, गुडघे तरुणाचे. डॉक्टर थक्क झाले आणि त्यांनी रहस्य विचारलं. ही चूक होती. नागली, सूर्यनमस्कार, गोधडी, विपश्यना या क्रमाने उत्तर सुरू झालं आणि बाहेरचे रुग्ण एकेक करून बरे वाटून घरी गेले. काकूंनी मला मात्र खरं कारण सांगितलं. ‘भावोजी, अंबील ह्यांना मनापासून आवडत नाही, अर्धी वाटी झाडाला जाते. सूर्यनमस्कार बारा सांगतात, चार घालतात. पण दिवसभर ह्या आळीतून त्या आळीत चालत असतात. कुणाच्या तीन मजल्यांवर लाडू द्यायला, कुणाच्या क्वार्टरवर काढा द्यायला, टेकडीवरच्या बंगल्यात पाहुण्यांना शहाणं करायला. लोकांना सांगायला म्हणून जेवढं चालतात, तेवढं स्वतःसाठी कधी चालले नसते.’

हे मी कुणाला सांगणार नव्हतो. पण गेल्या महिन्यात पथ्यकरांनी नवीन संकल्प सोडला, रोज दुपारनंतर मौन. आळीत आनंद झाला. दोघांनी तर पेढे आणले आणि हात जोडून, साखर घातलेले असूनही, पथ्यकरांनाच दिले. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात काकू काळजीच्या चेहऱ्याने आल्या. पथ्यकर दुपारनंतर घरातून हलत नव्हते. बोलायचं नाही तर जायचं कशाला? खुर्चीत बसून खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चालण्याची ढब चुकतेय हे नुसतं बघत होते आणि आतल्या आत सुकत होते. वजन मात्र दोन किलोने वाढलं होतं. काकू म्हणाल्या, ‘कुणीतरी काहीतरी दुखवून घ्या हो.’

आळीची बैठक झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं शिंका दाबल्या होत्या, त्यांनीच पाळ्या लावून घेतल्या. सोमवारी किराणावाल्याला अपचन झालं. मंगळवारी रेल्वे क्वार्टरमधल्या एका तरुण लोको पायलटला कंबरदुखी झाली, तीही मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर. बुधवारी मास्तरीणबाई खिडकी उघडी ठेवून अशा शिंकल्या, की पलीकडच्या आळीतूनही विचारपूस झाली. दुपारी तीनला पथ्यकरांचं मौन तुटलं. चारला ते तांब्या घेऊन जिना चढताना दिसले. संकल्पाचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, ‘रुग्णसेवेत मौन नसतं. शास्त्रच आहे.’

उद्या माझी पाळी आहे. मला गुडघा नेमून दिलाय. उजवा की डावा, ते आज रात्रीत ठरवायला हवं, कारण पथ्यकर दोन्ही दाबून बघतात.