आधी सोडल्याचा दाखला आणा

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांना दोन फोटो लागतातच. एक उड्या मारणाऱ्या मुलींचा, दुसरा लेकाबरोबर पास झालेल्या आईचा. आईला पेढा भरवायला माजी नगरसेवकही धावतात. ती परीक्षेपर्यंत पोचली कशी, हे मात्र कुणी विचारत नाही.

एक वाट सतरा नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याची. सुटलेली शाळा पुन्हा धरायची तर कागद हवा शाळा सोडल्याचा, तोही मूळ प्रत! म्हणजे बाई शिकायला आली, तर शिकणं सोडलं होतं हे तिनं आधी सिद्ध करायचं. माहेर-सासर करताना दाखला गहाळ झाला? मग डुप्लिकेट आणा, प्रतिज्ञापत्र करा. या धावपळीला मंडळानं वीस गुण ठेवले तर गणितात कुणी नापास होणार नाही.

दुसरी वाट रात्रशाळेची. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी ती आपल्या घरातच सुरू केली. आपण त्यांचे पुतळे उभारले आणि रात्रशाळेला दिवसाच्या शाळेचं उरलंसुरलं दिलं. मुंबईत दिवसभर कँटीनमध्ये ताटं विसळून साडेसहाला बाकावर टेकलेला पोरगा नऊपर्यंत डोळे उघडे ठेवतो, हीच खरी त्याची प्रात्यक्षिक परीक्षा. वर्षभर शिकायचं रात्री, बोर्डाचा पेपर मात्र सकाळी अकराला. मालक उदार असतो. म्हणतो, "जा की, खाडा लावतो."

एवढा आटापिटा कशासाठी? ज्ञानासाठी वगैरे भाषणात. एरवी दहावी झाली तर शिपायाचा क्लार्क होण्याची आशा. नाहीतर साहेबांच्या चहापाण्यातच निवृत्ती. रिक्षा चालवण्याच्या परवान्यालाही २०१९ पर्यंत आठवी पासची अट होती. २०१७ साली थेट निवडून येणाऱ्या सरपंचालाही, तो १९९५ साली किंवा त्यानंतर जन्मला असेल तर, सातवी पासची अट घातली. ज्या विधानसभेनं ती मंजूर केली, तिथे बसायला मात्र पहिलीही लागत नाही. त्यामुळे दुसऱ्या संधीची निकड तिथे फारशी कुणाला जाणवत नसावी.

समजा, बाईंनी नेट धरला. दहावी झाली, बारावी झाली, १९८९ पासून घरोघरी ज्ञानगंगा पोचवणाऱ्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए.ही झालं. मुलाखतीत साहेब फाइल चाळतात आणि चष्म्यावरून विचारतात, "रेग्युलर का बाहेरून?" बाईंच्या आयुष्यात रेग्युलर एवढंच होतं: पहाटेचं पाणी, तीन डबे आणि आठ-सतराची लोकल. पुस्तक त्यातून उरलेल्या वेळात.

मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, हे यूजीसीनं २०२२ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलं. साहेबांपर्यंत ते पत्र अजून पोचलेलं नाही. बहुधा तेही बाहेरून येत असावं.