पहिलं नाव कुणाचं?

आमच्या मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, विभाग तळमजल्यावर आहे. आत शिरलं की डाव्या हाताला म्युझियम : शोषखड्ड्याचं मॉडेल, बाटल्यांतल्या डासांच्या अळ्या आणि कुटुंबनियोजनाचा रंग उडालेला लाल त्रिकोण. उजव्या हाताला माझं टेबल. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राचा एम.एस्सी. आहे. माझ्याकडे पेशंट येत नाहीत, पेशंटांच्या एक्सेल शीट येतात. आणि त्या पेनड्राइव्हवर घालून घेऊन येतात असोसिएट सर.

असोसिएट सर हे कुणा एकाचं नाव नव्हे, ती एक अवस्था आहे. हायवेवर ज्या ज्या गावाबाहेर मेडिकल कॉलेजची कमान दिसते, त्या प्रत्येक कमानीच्या आत हे एक तरी असतातच. वय पंचेचाळिशीच्या आसपास, गाडीचे हप्ते चालू, मुलगी नीटच्या क्लासला आणि प्रोफेसरपदाची फाईल दोन पेपरांसाठी अडकलेली. माणूस वाईट अजिबात नाही. आमचे असोसिएट सर हाडांचे डॉक्टर. ओपीडीच्या दारातून आत येणाऱ्या म्हातारीची चाल बघून ते खुब्याचं निदान सांगतात. एक्स-रे नंतर येतो आणि मुकाट्यानं त्यांची री ओढतो. पण हाडं जोडून प्रोफेसर होता येत नाही. असिस्टंटचा असोसिएट व्हायला दोन शोधनिबंध लागतात आणि असोसिएटचा प्रोफेसर व्हायला चार. पूर्वी कॉलेजच्या कॅन्टीनला भेट झाली की आम्ही एकमेकांना ‘जेवण झालं का?’ असं विचारायचो. आता ‘इंडेक्स्ड आहे का?’ असं विचारतो.

पेपर जन्माला कसा येतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, डॉक्टरला एखादा प्रश्न पडतो आणि मग तो उत्तर शोधायला निघतो. आमच्याकडे पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, येतो. त्याला तीन वर्षांत थिसिस लिहायचा असतो, त्याचा सिनॉप्सिस नाशिकला आरोग्य विद्यापीठाकडे ठरलेल्या तारखेला पोचावा लागतो, आणि ती तारीख नेहमी परवाची असते. मग लॅबमध्ये कोणत्या तपासणीचं किट पडून आहे ते पाहून विषय ठरतो. गेली काही वर्षं व्हिटॅमिन डीला बरे दिवस आहेत.

“किती पेशंट घ्यायचेत?” मी विचारतो.

“शंभर.”

“शंभरच का?”

“टक्केवारी काढावी लागत नाही,” पीजी खरं तेच सांगतो.

नमुना किती हवा हे काढण्याचं सूत्र असतं. ते मी त्याला कागदावर मांडून देतो. त्याचं उत्तर दोनशे अठ्ठेचाळीस येतं. पीजी नम्रपणे मान डोलावतो, सूत्र थिसिसमध्ये जसंच्या तसं छापतो आणि त्याच्या खाली उत्तर लिहितो : शंभर. पूर्वसूरींच्या संशोधनाचा आढावा आदल्या सीनियरच्या थिसिसमधून येतो. त्याच्याकडे तो त्याच्या आदल्याकडून आलेला असतो. एका जर्मन संशोधकाच्या नावाचं स्पेलिंग आमच्या विभागात तीन पिढ्या चुकत आलं आहे, आणि आता ते दुरुस्त केलं तर परीक्षकाला शंका येईल.

मग एके दिवशी असोसिएट सर मास्टर चार्ट घेऊन येतात. मास्टर चार्ट म्हणजे थिसिसच्या शेवटी जोडलेला तो आडवा, मुंग्यांएवढ्या अक्षरांचा तक्ता, ज्यात प्रत्येक पेशंटचा सगळा हिशोब असतो आणि जो वाचणारा जगात मी एकटाच आहे.

“स्टॅटसाहेब, जरा पी काढून द्या.”

पी म्हणजे फरक खरा की योगायोगाचा हे ठरवायचा आकडा. तो ०.०५ च्या आत हवा. मी पी काढतो. ०.०६१ येतो. सरांचा चेहरा असा उतरतो, जणू मी त्यांच्याच घरच्या माणसाचा रिपोर्ट सांगितलाय.

“पाचच्या आत नाही बसत?”

“नाही.”

“आणखी पाच-सहा पेशंट वाढवले तर?”

“कुठून आणणार?”

सर यावर काही बोलत नाहीत, नुसते पीजीकडे बघतात. पीजी छताकडे बघतो. हा ०.०५ चा उंबरठा रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्रजानं १९२५ साली आपल्या पुस्तकात सोयीची खूण म्हणून घातला. तो तिथे घालताना, शंभर वर्षांनी ऊसपट्ट्यातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञाचा पगार त्यावर ठेच खाईल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

पण हा सगळा बारीकसारीक भाग झाला. खरा पेपर सुरू होतो तो नावांपासून.

पेपरावरच्या नावांची यादी आणि लग्नपत्रिका यांत मला कधी फरक जाणवला नाही. वर विभागप्रमुख, कारण कुलदैवत. मग ज्यांनी आहेर केला ते, म्हणजे ज्यांनी गेल्या वर्षी आपलं नाव त्यांच्या पेपरात घातलं होतं. मग ज्यांना वगळलं तर रुसतील ते. अगदी शेवटी, किलबिलाटात, पीजी. २०१५ साली मेडिकल कौन्सिलनं फर्मान काढलं की, बढतीसाठी पहिली दोनच नावं मोजली जातील. त्या वर्षी आमच्या कॉलेजात पंधरा-पंधरा वर्षांच्या मैत्र्या तुटल्या. तोवर आठ नावं एका पेपरात सुखानं नांदत होती. आता भावकीत वाटणीला दोन गुंठे. भूलतज्ज्ञ बाई आणि असोसिएट सर यांच्यात तर लेखी नसला तरी करारच झाला : एका पेपरात तुम्ही पहिल्या, मी दुसरा, पुढच्यात उलट. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये नियम सैल झाला. पहिली तीन नावं चालतील, किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक चालेल. म्हणजे चौघांची सोय. त्याच वर्षी कौन्सिल जाऊन तिच्या जागी वैद्यकीय आयोग आला, पण चौघांची सोय राहिली. नियम सैल झाला त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये भूलतज्ज्ञ बाईंनी सरांना चहा पाजला. मी साक्षीदार आहे.

पत्रव्यवहार करणारा लेखक, ही एक वेगळीच गंमत. सर स्वतः मेल बघत नाहीत. एका पीजीनं त्यांच्या नावानं नवा मेल-पत्ता काढला, पासवर्ड स्वतःकडे ठेवला, आणि पास होऊन तो नागपूरला गेला. इकडे परीक्षकांनी त्या पत्त्यावर अकरा शंका पाठवल्या, दोन स्मरणपत्रं पाठवली आणि शेवटी पेपर रद्द केला. सर सहा महिने सगळ्यांना सांगत होते, “अंडर रिव्ह्यू आहे.”

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिनं लेखक कुणाला म्हणायचं यासाठी चार अटी घातल्यात : कामात भरीव वाटा हवा, लिहिण्यात हवा, अंतिम मसुद्याला संमती हवी, आणि उद्या काही निघालं तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही अटी एकदम लावल्या तर आमच्या पत्रिकेत नुसता पीजी उरेल, आणि त्यालाही चौथ्या अटीपाशी घाम फुटेल. गंमत अशी की, आता बढतीसाठी संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे. चेन्नईच्या साथरोगशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेनं तो केला आहे, आणि तो उत्तम आहे. सर त्याचे व्हिडिओ माझ्या कॉम्प्युटरवर लावून राउंडला जात. म्युझियममधल्या अळ्यांनी तो पूर्ण ऐकला आहे. त्यात प्रकाशनातल्या नीतिमत्तेवरही एक धडा आहे. परीक्षेच्या तयारीला मी त्यांना विचारलं, “काम न करता नाव घातलं तर त्याला काय म्हणतात?” “गिफ्ट ऑथरशिप,” सर तत्काळ म्हणाले. उत्तर अगदी बरोबर होतं.

नावं ठरली की जर्नल शोधायचं. खरं तर शोधावं लागत नाही. जर्नलच सरांना शोधत येतं. ‘अत्यंत आदरणीय, थोर प्राध्यापक’ अशी सुरुवात असलेले मेल त्यांना रोज तीन-चार येतात. (ते मेल आता मी बघतो.) त्यातला पहिला त्यांनी घरी बायकोला दाखवला होता. दुसरा मत्स्यपालनाच्या जर्नलचा निघाला, तेव्हापासून दाखवत नाहीत. अठ्ठेचाळीस तासांत परीक्षण, बहात्तर तासांत प्रकाशन, फी तेवढी आधी भरायची. कोलोरॅडोतल्या जेफ्री बील या ग्रंथपालानं अशा जर्नलांना ‘शिकारी’ हे नाव दिलं आणि त्यांची यादी चालवली. २०१७ च्या जानेवारीत ती यादी त्यानं मिटवून टाकली. आपल्या पुण्याच्या मंडळींनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेली एक हजार नऊ जर्नलं तपासून २०१८ साली निकाल लावला. शंभरातली अठ्ठ्याऐंशी नापास. आपल्याकडे दहावीचा निकालही एवढा कडक लागत नाही.

मी सरांना सावध करायचं ठरवलं. म्हटलं, जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराची गोष्ट ऐका. त्यानं २०१३ साली ‘सायन्स’साठी एक खोटा पेपर रचला. दगडफुलातल्या एका रेणूनं कॅन्सरच्या पेशी मरतात, असा. हो, तेच दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यातलं. त्यात मुद्दाम ढोबळ चुका पेरल्या, खोटी नावं, खोट्या संस्था, आणि तो ३०४ जर्नलांना धाडला. त्यातल्या १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

सरांनी अगदी मन लावून ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात विचारलं, “त्या एकशे सत्तावन्नांची यादी मिळेल का?”

आकड्यांनी त्यांना लाज आणायचा प्रयत्न मी त्यानंतरही एकदा केला. दिल्लीचे डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं दहा वर्षांचं संशोधन मोजलं. २००५ ते २०१४ या काळात त्यातल्या ३३२ संस्थांतून एकही पेपर निघाला नव्हता. शून्य. सरांनी मोबाइलवर भागाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे दहा वर्षांत एक पेपर काढला तरी आपण देशात वरच्या निम्म्यात!” गणित बरोबर होतं. मी संख्याशास्त्राचा माणूस, मला खोडता आलं नाही.

कॉन्फरन्सच्या भाषणात मात्र सर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा दाखला हमखास देतात. कोकणातल्या एका आडगावच्या आरोग्य केंद्रात विंचू चावलेली माणसं पाहिली, लक्षणं टिपली, आणि १९८२ साली थेट ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, मग प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे १९८६ साली तिथंच सांगितलं. गडचिरोलीच्या बंग दांपत्याचंही नाव येतंच. टाळ्या पडतात. खाली उतरल्यावर मी म्हटलं, “सर, त्यांच्याकडे मेडिकल कॉलेज नव्हतं, स्टॅटिस्टिशियन नव्हता.”

“त्यांच्याकडे इन्स्पेक्शनही नव्हतं,” सर म्हणाले.

याला काय उत्तर देणार? ज्या दिवशी आयोगाची तपासणी असते, त्या दिवशी ऐंशी पेशंटांची ओपीडी सोडून हा माणूस सकाळपासून अर्ज भरत बसतो, आणि अर्जात पेशंटांसाठी रकानाच नसतो.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. व्हिटॅमिन डीचा मास्टर चार्ट घेऊन सर आले, चहा आला, आणि त्यांचा हात बघून मी विचारलं, “रात्री जागरण?”

“ऊसतोडीची बाई होती. डाव्या हाताची तर्जनी. कोयता.” मग ते बोलायला लागले. कारखाना सुरू झाला की या केसेस येतात. उजव्या हातात कोयता, डाव्यात ऊस. म्हणून जखम नेहमी डावीकडे. टोळी फडात उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यात नवखे येतात. जुने येतात ते शेवटच्या महिन्यात, दमल्यावर. मुकादमाची उचल अंगावर असते, त्यामुळे टाके काढायला कुणीही परत येत नाही. “म्हणून मी हल्ली विरघळणारे टाकेच घालतो. मोजून नऊ वर्षं झाली. वहीत लिहून ठेवतो, बोटासकट.”

मी खुर्चीतून उठलोच. “सर, अहो, हा पेपर आहे! नऊ हंगाम! तुम्ही वही आणा, बाकी सगळं मी करतो.”

“फॉलो-अप नाही ना पण.”

“फॉलो-अप नाही हीच तर बातमी आहे!”

सर बराच वेळ गप्प होते. शोषखड्ड्याच्या मॉडेलकडे बघत होते. मला वाटलं, माणूस हलला. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “पहिलं नाव कुणाचं?”

खोटं कशाला सांगू, उठलो तेव्हापासून मीही तोच विचार करत होतो. आजवर माझं नाव छापून आलं ते ऋणनिर्देशात, शेवटच्या ओळीत, लॅबमधल्या शिपायाच्या नंतर, आणि एकदा तर चुकीच्या आडनावानं. माझीही फाईल आहे. आम्ही दोघांनी नीट चर्चा केली. विभागप्रमुखांना वगळता येणार नव्हतं. रात्री टाके घालायला मदत करणारे पीजी नऊ वर्षांत नऊ झाले होते. भूलतज्ज्ञ बाईंचा करार होता. बेरीज तेरावर गेली तेव्हा सरांना ओपीडीतून बोलावणं आलं.

मार्चच्या अखेरीस कारखान्याचा पट्टा पडला. टोळ्या बीडकडे गेल्या. वही सरांच्या ड्रॉवरमध्येच आहे.

व्हिटॅमिन डीचा पेपर मे महिन्यात छापून आला. माझं नाव तिसरं आहे.