सहकुटुंब पर्वतीव्रत

हे व्रत कोणत्याही रविवारी करावे. चातुर्मासात केल्यास फळ लवकर मिळते, कारण दगडी पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात. मात्र ते फळ घ्यायला हाडांच्या डॉक्टरांकडे जावे लागते. दैवत पर्वतीवरचा देवदेवेश्वर. काळ पहाटे सहा, प्रत्यक्षात पावणेसात. अधिकारी कोण? ज्या घरात नवराबायको दोघेही नोकरी करतात, मुले शाळेतून क्लासला आणि क्लासमधून दुसऱ्या क्लासला जातात आणि सगळे एका रांगेत दिसतात ते फक्त लग्नाच्या पंगतीत, असे कोणतेही पुणेकर कुटुंब.

संकल्प शनिवारी रात्री, दुसऱ्यांदा भात घेऊन झाल्यावर सोडावा. पळीभर पाण्याऐवजी यजमानाने उजव्या हातात मोबाईल धरावा आणि जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे सर्वांना ऐकवावे: मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल करावी, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. यावर आमची धाकटी विचारते, "त्यात पीटीचा तास धरायचा का?" तिच्या शाळेत आठवड्यातून दोनदा पीटी असते आणि त्यातल्या एका तासाला गणिताच्या बाई येतात. बायको विचारते, "आठवड्याचे दीडशे एका रविवारी कसे भरणार?" संकल्पाच्या वेळी असे प्रश्न विचारू नयेत. खरे तर भाजीला चालत जाणे, लिफ्ट सोडून जिना चढणे हेही जमेस धरतात. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजत नसत, २०२०च्या शिफारशींत ती अट काढून टाकली. ही सवलत मी घरात सांगितलेली नाही. सांगितली तर रविवारी कोणीही उठणार नाही, मी सर्वांत आधी.

आईला या व्रतातून सूट आहे. ती रोज ज्येष्ठ नागरिक संघाच्या योगवर्गाला जाते. तिथे बाबा नसतात, हा त्या वर्गाचा तिच्या मते मुख्य लाभ.

साहित्य: पाण्याच्या बाटल्या पाच, पैकी झाकण असलेल्या तीन. टोप्या, ज्या गाडीत राहतात. बूट. बूट नेहमी संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बेताने बसलेला बूट संध्याकाळी चावतो. बोटांपुढे अंगठाभर जागा राहावी. हे मला बाबांनी सांगितले. बाबांचे स्वतःचे बूट वेलक्रोच्या पट्ट्यांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी वाकून नाडी बांधताना त्यांना चक्कर आली, तेव्हापासून. ते मात्र कारण असे सांगतात की नाड्या ही एकूण वेळखाऊ पद्धत आहे आणि शहाण्या माणसाने ती कधीच सोडायला हवी होती.

आता प्रस्थान. माझ्या अनुभवाने सांगतो, पर्वती चढणे हा या व्रतातला सोपा भाग आहे. अवघड चढ आहे तो अंथरुणापासून लिफ्टपर्यंतचा.

बाबा साडेचारला उठतात. साडेपाचला बूट घालून दारात उभे. सहाला मी डोळे चोळत बाहेर येतो तेव्हा ते एवढेच म्हणतात, "मी खाली थांबतो." आणि जातात. यात राग नसतो. टोमणाही नसतो. असता तर बरे झाले असते, उत्तर तरी देता आले असते. पुढचा पाऊण तास आम्ही चौघे त्या 'खाली'च्या धाकात वावरतो. मुलगा बाथरूममध्ये जातो आणि तिथेच स्थायिक होतो. धाकटीचा एक मोजा सापडतो, तो तिचा नसतो. बायको मावशींसाठी चावी शेजारी ठेवायला जाते आणि शेजारच्या वहिनींना सोसायटीच्या पाण्याबद्दल नेमके आजच बोलायचे असते. मग सगळे दारात जमल्यावर कोणीतरी विचारतो, "गॅस बंद केला का?" विचारणारा बहुधा मीच असतो. बंदच असतो. तो बंद आहे हे पाहायला मी बूट घालून आत जातो आणि सकाळच्या पुसलेल्या फरशीवर माझी पावले उमटतात, ती व्रताची पहिली पावले समजावीत.

खाली बाबा वॉचमनशी बोलत असतात. आम्ही आलो की ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. आमच्याकडे नाही.

एवढे मात्र शिकलो: कपडे, बाटल्या, चाव्या रात्रीच दाराशी ठेवाव्यात आणि मुलांना झोपतानाच टी-शर्ट-पँट घालू द्यावी. बायकोने ही युक्ती काढल्यापासून आमची वीस मिनिटे वाचतात. ती वीस मिनिटे मी झोपतो.

घरापासून पायथा जेमतेम सव्वा किलोमीटर. तेवढे अंतर गाडीने जावे. मग गाडी लावायला जागा शोधावी, ती घराच्या दिशेने अर्ध्या वाटेवर मिळते, आणि तिथून उलट चालत यावे. बाबा या प्रवासात काही बोलत नाहीत. त्यांनी तीस वर्षे पर्वती केली; नोकरीत असताना पहाटे चढून, उतरून, आंघोळ करून साडेनऊला सायकलवर कचेरीत. तरीही ते म्हणतात, "आमच्या वेळी व्यायाम असा वेगळा करावा लागत नसे." मग पर्वती काय होती? "ते फिरणं." लहानपणी त्या फिरण्याला मला नेले ते वर्षातून एखाद्या वेळी, तेही मी हट्ट धरला तर. "तू हळू चालतोस," म्हणायचे. हे मी विसरलेलो नाही.

आरोहण. पायऱ्या १०३. रुंद आणि उतरत्या, एका पावलाला मोठ्या, दोन पावलांना लहान, त्यामुळे कोणतीही लय धरली तरी चौथ्या पायरीला चुकते. मुलांना "चला, चालूया" म्हटले तर ती चालत नाहीत. "मोज" म्हटले तर धावतात. धाकटीच्या हिशेबाने पायऱ्या कधी ९८ असतात, कधी ११०. भांडण मिटवायला पुन्हा खाली जाऊन मोजावे लागते, आणि ती जाते. याहून चांगला व्यायाम मला कोणत्याही जिममधल्या पोराने सांगितलेला नाही. मुलगा वीस पायऱ्या पुढे असतो, कानात इअरफोन. इअरफोन घरी ठेवावेत. ठेवले जात नाहीत.

श्रम योग्य आहेत का हे ओळखायची खूण अशी की बोलता यावे, पण गाता येऊ नये. त्यापेक्षा जास्त दम लागला तर वेग कमी करावा. बायको चढताना अखंड बोलते, म्हणजे तिचे श्रम योग्य. मी फक्त हुंकार देतो. या चढावर तिने मला धाकटीचे मैत्रिणीशी तुटल्याचे सांगितले, ऑफिसात बदलीचे चालले आहे ते सांगितले. घरी ती हे सांगू लागली की मी मध्येच तोडगे सांगतो. इथे तेवढा श्वास नसतो.

माझ्या हातात पावले मोजणारे घड्याळ आहे. रोज दहा हजार पावले हा आकडा कोणा वैद्याने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे नावच 'दहा हजार पावले मोजणारे' अशा अर्थाचे होते, तिथून तो जगभर गेला. हे मला माहीत आहे. तरीही रात्री साडेअकराला ९,७०० झालेली दिसली की मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो आणि बाबा आतून विचारतात, "काय हरवलंय?"

वर गेल्यावर दर्शन, वारा, आणि बाबांचे व्याख्यान. नानासाहेब पेशवे पानिपतानंतर १७६१ साली इथेच गेले, हे ते दर रविवारी त्याच जागी सांगतात. मुलांनी पहिल्यांदाच ऐकतो आहोत असा चेहरा करावा. धाकटीला जमत नाही.

उतरताना गुडघे जपावेत. चढताना दम जातो, उतरताना गुडघे. प्रत्येक पायरीला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना रामनाम आठवते. गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, लहान पावले टाकावीत, गरज पडल्यास तिरके उतरावे. उड्या मारणाऱ्या मुलांकडे बघू नये.

नैवेद्याबद्दल थोडक्यात. चढून-उतरून फार तर शंभरेक उष्मांक जळतात. एका बटाटेवड्यात त्याहून जास्त भरतात. आम्ही मिसळ खातो. बाबा फक्त चहा घेतात आणि आमच्या तर्रीकडे बघतात.

व्रताला उद्यापन नाही. एक पोटनियम मात्र गेल्या पावसाळ्यानंतर वाढला आहे, तो कोणी केला नाही, आपोआप झाला. साठाव्या पायरीच्या आसपास बाबा थांबतात. "बूट सैल झालाय," म्हणतात. बूट सैल नसतो, पट्ट्या घट्ट चिकटलेल्या असतात. हे बाबांना माहीत, मला माहीत. पहिल्या रविवारी मी नुसताच उभा राहिलो आणि घड्याळात पावले बघितली. दुसऱ्या रविवारी वीस पायऱ्या पुढे गेलेला मुलगा मागे वळला. कानातले काढून खिशात टाकत खाली आला, आजोबांच्या पायांशी उकिडवा बसला, आणि चर्र आवाज करत डाव्या बुटाची पट्टी उघडली. नीट सरळ केली, दाबून लावली. मग उजव्या बुटाची. मग डावी पुन्हा एकदा.